वानगी

माझे वडील लातूरच्या अडत बाजारात मापाडी होते.
सोयाबीनचा एक दाणा दाढेखाली धरायचे,
कट्ट ऐकायचे, म्हणायचे, तेरा.
मग अडत्याचं यंत्र म्हणायचं, तेरा पूर्णांक एक.
बाराच्या वर ओलावा गेला की भाव तुटतो.
दाण्यात असतं तरी काय?
तेल, पाणी, प्रथिन.

माझ्या खोलीतही हेच तीन.
नवं सीटी आहे, किरणांचे कण एकेक मोजतं,
स्तनात चरबी किती, पाणी किती, प्रथिन किती,
सुई न टोचता निवडून ठेवतं.
रोज सकाळी आधी नळ्या लावायच्या,
एकीत पाणी, एकीत तेल.
एका रात्रपाळीला मी गुपचूप
घरचं करडीचं तेल लावून पाहिलं.
उणे शंभर आणि थोडं.

या मापात पाणी म्हणजे शून्य,
शिकवणारे सर सहज बोलून गेले.
आम्ही लातूरच्या चौघींनी
एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

केवळबाई औशाकडच्या.
साध्या फोटोत सगळं पांढरंच आलं होतं :
दाट ऊतीही पांढरी, गाठ असली तर तीही.
पांढऱ्या ज्वारीत पांढरा खडा.
सुपात बोटाला लागतो, डोळ्याला नाही.

टेबलाला मधोमध गोल भोक.
पालथं झोपायचं, एकेक बाजू खाली सोडायची.
"म्हशीवानी उभी केलीस की गं मला,"
त्या हसल्या, तर चित्र हललं.
पुन्हा घेतलं.
"डावं थान पहिल्यापासून मुकं.
तिन्ही लेकरं उजव्यावरच वाढली."

दहा सेकंद.
पडद्यावर एक फिरणारं झाड,
पिवळ्यात निळ्या फांद्या.
डावीकडे फांद्या जास्त.
जवळजवळ दुप्पट.
मी आकडे दोनदा तपासले,
नळ्याही पुन्हा लावल्या.
पाणी शून्य. तेल उणे शंभर.
यंत्र बरोबर होतं.
लेकरं का धरली नाहीत ते डावं,
याला रकाना नाही.

त्या काचोळीच्या गाठी मारत विचारत होत्या,
"मूठभर वानगी बी काढली न्हाईस?"
नाही म्हटलं.
बाजारात वानगीची मूठ पोत्यात परत जात नसे.
वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात
धुताना दाणे निघायचे,
आई ते निवडून वेगळे ठेवायची,
कुणाचे म्हणून, ते तिलाही माहीत नसायचं.

"मंग? किती भरलं?"

तोंडावर आले होते आकडे. दशांशासकट.
पण मापाड्यानं माप घ्यायचं,
भाव अडत्यानं पुकारायचा.
"डॉक्टर सांगतील मंगळवारी," म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं
जसं पोत्यावर बसलेली माणसं
वडिलांच्या दाढेकडे पाहायची.

मग चपला शोधू लागल्या.
एक टेबलाखाली सरकली होती.
औशाची गाडी कुठून लागते, विचारलं.
हे मात्र मला सांगता आलं.