आज कोणाची केस

गोवंडी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं
न विचारताच दोन-दोन प्रती काढल्या.
त्याला वाटलं, नेहमीसारखं वस्तीतल्या कुणाचं तरी असेल.
मग पहिल्या पानावर माझाच फोटो दिसला,
दोन्ही कान दिसणारा, न हसणारा.
"मॅडम, तुम्ही पण?" म्हणाला,
आणि पहिल्यांदाच पूर्ण पैसे घेतले.

पदवी हातात येऊन चार महिने झाले.
वहीत तीन देश आडवे मांडलेत.
एकाला आधी नोकरीचं पत्र हवं,
आणि पत्र देणाऱ्याला आधी व्हिसा.
दुसरा गुण मोजतो. वयाचे इतके, भाषेचे इतके,
रात्री दोनला उचललेल्या फोनांचा रकानाच नाही.
तिसरा म्हणतो, ये, पण आमच्याकडे पुन्हा शिक.
फी बावीस लाख.
म्हणजे आईची ग्रॅच्युइटी, अधिक मावशीच्या पाटल्या,
अधिक काहीतरी, जे घरात अजून कुणी बोललेलं नाही.

मर्लिन लोपीस मागच्या वर्षीच गेली. वसईची.
मोबाईलमध्ये तिचा आवाज येतो :
"अगं, इथं एका पोरामागं सत्तर पानं लिहायची,
पोर भेटतं महिन्यातून दोनदा.
तू आधी गाडी चालवायला शिक."
मागं हीटरची घुरघुर.
पुढं ती काही बोलत नाही,
पण रेकॉर्डिंग आणखी अकरा सेकंद चालू राहतं.

नोंदणीच्या फॉर्मात विचारलंय :
प्रत्यक्ष क्षेत्रकार्याचे एकूण तास?
मोजत बसले.
मानखुर्दच्या बालगृहात एका मुलानं
दुपारभर माझ्या ओढणीचं टोक सोडलं नव्हतं,
बोलला एकच शब्द, तोही मी निघताना.
ते पाच तास धरायचे, की एक शब्द?
नूरबानोच्या रेशनकार्डासाठी
शिधावाटप कार्यालयाच्या जिन्यात सात मंगळवार गेले.
जिना क्षेत्रात येतो का?
सरांनी चष्मा न काढताच सही केली,
"जास्त विचार करू नकोस, करुणा. अकराशे लिही."

चारित्र्याचा दाखला मात्र पोलीस ठाण्यातूनच.
हवालदार घोलपांनी मान वर केली नाही :
"बोला मॅडम, आज कोणाची केस?"
याच बाकावर बसलेय मी कितीदा,
पळून आलेल्या पोरींच्या शेजारी, बिस्किटाचा पुडा फोडून.
"माझीच," म्हटलं.
तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

पत्त्याचा पुरावा?
देवनारला पेइंग गेस्ट. करार तोंडी.
मालकीणबाई म्हणतात, नाव कुठं लावायचं नाही.
"मग दोन साक्षीदार आणा. पक्क्या पत्त्याचे."
हे वाक्य मी किती जणांना समजावून सांगितलंय,
किती शांतपणे, किती वेळा,
समोरच्याचा चेहरा का बदलतो ते न कळता.

एक सही झेरॉक्सवाल्यानं दिली.
दुसरीला नूरबानो आली, हाताला कांद्याचा वास,
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, तिच्यात रेशनकार्ड.
"हमारे इधर की है साब. लिखो."
अंगठा टेकवला,
आणि उरलेली शाई माझ्याच फाईलला पुसली.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ती रडेल,
किंवा मी.
ती म्हणाली, "मेरे अजहर का भी कर दे ना. दुबई का.
वेल्डिंग आता है उसको."

पोलीस ठाण्याच्या कठड्यावर फॉर्म ठेवला,
माझं पाकीट खाली, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चप्पल.
नाव. वडिलांचं नाव. जन्मतारीख अंदाजे.
जन्मस्थळ?
नूरबानो हसली,
"ट्रक में हुआ था, रात को.
तू बता, कौनसा गाँव लिखेगी?"