पायाची बाजू

टेबलाच्या छातीच्या बाजूला डॉक्टर हंजी.
पायाची बाजू माझी.

मधे हिरवं कापड. त्याच्या अलीकडे
आयोडिननं पिवळी झालेली एक पोटरी.
ती कुणाची, हे कापड पडलं की विसरायचं,
असं शिकताना सांगितलं होतं.
मला अजून जमत नाही.

भरमाण्णा सुळगेकर. बेळगाव–चिकोडी गाडीवर
एकतीस वर्षं कंडक्टर.
काल रात्री हिस्टरी घ्यायला बसले तर
मी मराठीत विचारलं, ते कानडीत बोलले;
मी कानडीवर आले, तोवर ते मराठीत पोचलेले.
"काय होतंय नेमकं?"
"काय न्हाई की. जिना चढलो की दम हत्तैती."
कागदावर मी ते तिसऱ्याच भाषेत उतरवलं
आणि तिथं त्यातला 'की' गळून पडला.

डावा पाय उभं राहून राहून कामातून गेलेला,
कातडीखाली निळ्या गाठी.
उजव्यात मिळाली. घोट्याच्या हाडापुढं बोटभर छेद,
आणि ती तिथं होती, ओल्या सुतळीसारखी, निवांत.

वर करवत सुरू झाली.
मी फांद्या बांधत गेले. सातवी फार बारीक.
वडगावात बाबांच्या मागावर धागा तुटायचा
तेव्हा ते माग थांबवायचे, आणि श्वासही.
घरून या कामात मी तेवढंच आणलंय.

मीठपाणी भरून फुगवली. कुठं गळत नाही.
"झालं काय, वैजयंता?"
"झालं, सर."
वाटीतून पलीकडे दिली,
उलटी लावायची म्हणून टोकाला खूण करून.
शिरेतली दारं एकाच दिशेनं उघडतात;
सुलटी लावली तर रक्त दाराशीच अडून बसतं.

सात वर्षं झाली.
मावशी प्रत्येक लग्नात विचारते,
"डॉक्टर न्हवंस, नर्स न्हवंस, मग हाईस तरी काय गं?"
मी म्हणते, फिजिशियन असिस्टंट.
ती म्हणते, बरं, मांडे घे अजून एक.

ऑफिसच्या फॉर्मवर यंदा नवा रकाना आहे:
पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता?
सरोजिनीनं बंगळूर गाठलं, दुप्पट पगारावर.
कोल्हापूर दोन तासांवर; तिथल्या माणसानं फोनवर
माझं पद दोनदा म्हणायला लावलं,
मग म्हणाला, कळवतो.
इथं नव्या पोरांना गाठ मारायला मी शिकवते.
त्यातले दोघे सर्जन झाले.
भेटले की हसतात, मग माझ्या नोंदीखाली सही करतात.
रकाना कोराच आहे.

दीड महिन्यानं भरमाण्णा आले.
छातीवरची रेघ डॉक्टरांना दाखवून झाली,
हात जोडून झाले,
कुंद्याचा डबा टेबलावर ठेवून झाला.
मग माझ्या दाराशी, पँट गुडघ्याच्या वर ओढून,
जरा रागातच:
"छाती झकास हाय. ह्यो पाय कुणी फाडला?"
"मी."
"थंडीत खेचतोय बघ. आणि हितं बधिर, घोट्यापाशी."

मी खाली बसले. रेघेवरून बोट फिरवलं.
तेवीस टाके, दोन जरा ओढलेले.
माझेच.
"जाईल बधिरपणा. वर्ष लागेल."
"न्हाई गेला तर?"
"तर मला सांगायला यायचं."
"तुला म्हंजे कुणाला? खिडकीवर काय सांगू?"

मी नाव सांगितलं.
त्यांनी खिशातून जुन्या वे-बिलाचा तुकडा काढला,
कानडीत लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं.
हुद्दा विचारला नाही.
नावापुढं थोडी जागा सोडून
लिहिलं: पाय.