चाळीस ते पंचेचाळीस

तिसऱ्या गिअरला, चाळीस ते पंचेचाळीसच्या मध्येच येतो तो.
पन्नासला गप्प. सिग्नलला गप्प.
नाना पेठेतल्या गॅरेजवाल्यासमोर तर
डॉक्टरपुढं दुखणं पळावं तसा गायब.

ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला:
पीयूसीचे जुने कागद, खेड शिवापूरच्या टोलच्या पावत्या,
सादळलेली बडीशेप, एक एकटं कानातलं.
"हे मी तीन वर्षं शोधतेय," वृंदा म्हणाली.
आवाज तसाच.

मग फेल्टच्या पट्ट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे,
स्टेपनीखाली माझं जुनं बनियन.
एका रविवारी मी डिकीत पाय मुडपून झोपलो
आणि वृंदानं पाषाण रस्त्यावरून गाडी नेली.
प्रत्येक गतिरोधकाला तिचं, "आला का?"
मी आतून ओरडायचो, "पुढून येतोय!"
"मला मागून येतोय."
बावीस वर्षांच्या संसारात
इतकं मुद्देसूद भांडण झालं नव्हतं.

तळमजल्यावर आवटेकाका.
भोसरीत प्रेस शॉपला एकतीस वर्षं;
तीनशे टनी प्रेसनं दोन्ही कान नेले.
मुलानं दिलेलं मशीन टीव्हीवर, सेल काढून.
मी खुणांनी सांगितलं: गाडी. खडखड. सापडत नाही.
ते चपला घालून आले.

काटा चाळीसला नेला.
काकांनी तळवा डॅशबोर्डवर ठेवला,
बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा.
मग खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला,
मूठ दातांत धरली
आणि टोक टेकवत गेले:
एसीची जाळी, काचेची कड, दाराचा खांब.
डोळे मिटलेले.
"बेअरिंगं अशीच ऐकायचो," एकदम मोठ्यानं म्हणाले,
"हाडानं."

डाव्या खांबाच्या प्लॅस्टिकमागं
बेल्टच्या बोल्टाचा वायसर, अर्धा आटा ढिला.
रस्त्याकडेलाच आवळला, सतरा नंबरच्या पान्यानं.

परत चाळीस. बेचाळीस. पंचेचाळीस.
वृंदानं मागून माझ्या खांद्याला बोट लावलं: ऐक.
ऐकायला काही नव्हतं.
मी काकांना हातानं सांगितलं, गेला.
त्यांनी मान हलवली,
पण तळवा डॅशबोर्डवरून उचलला नाही.
सोसायटीचं फाटक आलं.
मी ब्रेक दाबला,
तर म्हणाले, "थांबू नको रे.
अजून एक चक्कर मार."