पुढच्या वेळी आत येईल तेव्हा

टोर्सहाव्नच्या इस्पितळात रात्रीचे सव्वादोन.
रानवाने बॅकअप घेतला, मग कॉफी,
मग काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करून
एंटरवर बोट नुसतंच ठेवून बसली.

सर्व्हर बंद.
आता सात मिनिटं इथे
कोण कोण आहे, हे कुणी कुणाला विचारणार नाही.
खाली औषधांच्या कपाटापाशी येग्वान
कार्ड हातात धरून उभा. फोन करून सांगितलं होतं,
तरी उभाच.

ओळी सरकतात. जुनं उतरलं, नवं चढलं,
चारशे बारा खाती हलली.
मग पिवळ्या अक्षरांत:
एक पासवर्ड अजून जुन्याच पद्धतीने झाकलेला आहे;
माणूस पुढच्या वेळी आत येईल
तेव्हा आपोआप नवा होईल.

खातं हानुसचं.
हा सर्व्हर पहिल्यांदा त्यानेच उभा केलेला.
शिकवताना म्हणायचा, आधी वाच, मग एंटर.
फेब्रुवारीत होडी सापडली. नुसती होडी.

खातं काढून टाकायचं?
ती वाचते. परत वाचते.
नाही.

खाली कपाट उघडल्याचा टिक् आवाज
इथवर येत नाही,
लॉगमध्ये दिसतो.