भूक मी लिहिली होती

त्या खेळात भूक मी लिहिली होती.
बंदुका ओन्नीच्या. बर्फ तुइरेचा,
एकेचाळीस जातींचा, पायाखाली निरनिराळा वाजणारा.
माझा फक्त एक आकडा, खालच्या कोपऱ्यात,
शंभरावरून दर सत्तर सेकंदांनी एकाने उतरणारा.
विसाच्या खाली नेम हलतो.
पाचाच्या खाली कडेकडेने रंग उडतात.
शून्यावर लगेच काही होत नाही,
थोडी उसंत ठेवली होती मी,
माणूस तसा चिवट असतो.

टोपीला मात्र तीन बैठका लागल्या.
खेळ फुकट, टोपी चार युरोला,
कोल्ह्याचं शेपूट लावलेली सहाला.
ॲम्स्टरडॅमहून आलेला गृहस्थ म्हणाला,
भूकही विकता येईल ना?
म्हणजे, कमी लागण्याचं काहीतरी?
बघतो, म्हटलं.
दोन आठवडे नुसता बघत राहिलो.

मग मंगळवारी नऊ-दहाचा कॉल. चौदा मिनिटं.
त्यांच्या बोलीत ह्याला सूर्यास्त म्हणतात.
ओउलूत डिसेंबरात तो दुपारी दोनलाच होतो,
आम्हाला त्याचं काय अप्रूप.
तुइरेने कॅमेरा बंद केला,
तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं
जांभळ्या गोलात बसून राहिलं शेवटपर्यंत.

संध्याकाळी बाबांना फोन.
एकतीस वर्षं कागद गिरणीत होते ते, ती बंद पडेपर्यंत.
'बंद पडला?'
'सुरूच झाला नव्हता.'
पलीकडे कॉफी उतू गेल्याचा आवाज.
'शेवटचा रोल निघाला ना आमचा,
त्यातला हातभर कापून आणला होता मी.
तू काय आणणार?'
तो तुकडा अजून आहे कपाटात,
लोकरी मोज्यांच्या खाली. कोरा.

सर्व्हरचं भाडं शुक्रवारपर्यंत भरलेलं होतं,
म्हणून जग शुक्रवारपर्यंत.
चाचणीला बाहेरची दोनशे सहा माणसं होती.
त्यांत एक सिस्को, कायानीच्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स.
चार महिन्यांत तिचा हिशेब:
गोळ्या शून्य, मासे अकराशे चाळीस.
लाकूड गिरणीच्या मागे एक पेटी ठेवायची,
सुकवलेले मासे, कोणीही घ्यावेत.
भूक नसो पण शिदोरी असो,
ह्यासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.
ॲम्स्टरडॅमला वाटलं, तिचं माउस बिघडलंय.

शुक्रवारी रात्री शिरलो आत.
अकरा जण होते अख्ख्या बेटावर.
धक्क्यावर पाय ठेवतो तोच कोणीतरी डोक्यात गोळी घातली.
ओन्नी.
'सॉरी. हात गेला सवयीने.'
बरं वाटलं, खरं सांगायचं तर.
पुन्हा जन्मलो, चालत निघालो उत्तरेला,
पहिल्या खाडीत बर्फ काचेसारखा, पुढे भुसभुशीत,
गिरणीजवळ तर चक्क कुरकुरत होता
आणि मला पहिल्यांदाच कळलं
तुइरे इतके महिने काय करत होती.

पेटीत सात मासे.
सिस्को नव्हती. ड्यूटी असणार.
एक खाल्ला. आकडा बाराने वर चढला,
मी लिहिला होता तसाच,
दातांचा आवाज तुइरेचा, राईची कडक पोळी चावून भरलेला.
उरलेल्या सहांकडे पाहत उभा होतो तेव्हा
पडद्यावर आलं: संपर्क तुटला आहे.
खाली बटण: पुन्हा प्रयत्न करा.
केला. दोनदा.

सायकल काढली, पूल ओलांडून घरी.
फ्रीजमध्ये परवाचा सलगम, उभ्यानेच खाल्ला.
किती भूक होती, सांगता येत नाही,
कोपऱ्यात काही दिसत नव्हतं.

रविवारी सिस्कोचा मेल, एका ओळीचा:
'नाइट होती मला. कोणी खाल्लं का?'
मी पानभर लिहिलं. बाबांचा कागद, टोपीची किंमत,
रात्री बेटावर वाऱ्याचा जो आवाज यायचा
तो खरं तर आमच्या जिन्यातला पंखा, हेसुद्धा.
सगळं खोडलं.
ठेवलं एवढंच:
'हो. जरा खारट होते.'

मीठ आम्ही घातलंच नव्हतं कधी.
ते पुढच्या अपडेटला येणार होतं.