मांजराचं कोणी शिकवलं नाही

टिकली सांजेला आली ती कुंपणावरून नाही,
फाटकाखालून, सरपटत.
उजवा मागचा पाय तिच्यामागून येत होता,
दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

रक्त म्हणाल तर थेंबभर.
पाठीवर दोन टोचे, तुरीच्या दाण्याएवढे.
"कुत्र्याचं काम," रूपराव म्हणाला,
"मांजर हाये, चाटून चाटून बरी होते.
सकाळी पाहू."

मी या गावची आशा. अकरा वर्षं झाली.
बाळाचं झबलं वर करून, घड्याळ लावून
श्वास मोजते.
दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास,
त्याच्यावर गेलं की गाडी बोलवायची,
कोणाला विचारत बसायचं नाही.
मांजराचं कोणी शिकवलं नाही.

लाइन गेलेली. बाजेखाली मोबाइलचा उजेड धरून
मोजले: अठ्ठावन्न.
अठ्ठावन्न म्हणजे किती?

बेबीताईच्या कोठ्यात गेले.
कुटारावर तिचा बोका पसरलेला.
त्याच्यापुढं उकिडवी बसून त्याचं पोट मोजू लागले.
"काय करून राहिली वं?" आतून आवाज.
"तुमच्या बोक्याचा श्वास मोजून राहिली."
यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.
चोवीस.
हिरडी पाहायला ओठ उचलला तर त्यानं पंजा हाणला.

टिकलीनं उचलू दिला.
पंजा नाही, मान वळवणं नाही.
हिरडी धुतलेल्या तांदळासारखी.
बोटानं दाबली, सोडली,
रंग परत यायची वाट पाहिली. फार पाहिली.

आणि ती घुरघुरत होती.
त्या आवाजानं मी फसलेच असते.
पण सुमित्रा कुमरे आठवली.
कळा सुरू झाल्या की ती पाढे म्हणायची,
एकोणतीसचा, न चुकता,
आणि तिची सासू दारात सांगायची, काही नाही, बरी आहे.

बेबीताई हळद घेऊन आली.
"राहू द्या," म्हटलं. पायाला हात लावला नाही, सरळ केला नाही.
तेवढ्यात टिकलीनं तोंड उघडलं
आणि तोंडानं श्वास घेतला,
भर उन्हातल्या कुत्र्यासारखा. कार्तिकातल्या थंडीत.

पोडावरच्या एका घरी मी एकदा म्हटलं होतं, सकाळी पाहू.
त्या घरावरून आता जात नाही.
पलीकडून, नाल्याकाठच्या वाटेनं जाते,
लांब पडते तरी.

बिस्किटाच्या खोक्यात शेला अंथरला.
तिला कडेवर नाही, ताटासारखी उचलली,
ताटलीतली खीर सांडू नये तशी.
रूपरावनं मफलर गुंडाळला.
"लोक हासतीन," म्हणाला,
आणि किक मारली.

कळंब सतरा किलोमीटर.
रपट्यावर त्यानं गाडी इतकी हळू घेतली
की मला वाटलं पाय टेकवून चालतोय.
वळणावर एक मांजर आडवं गेलं.
त्याचा पाय ब्रेकवर आला, सवयीनं.
"चाल," म्हटलं. "आपल्यापाशी एक हाये."

ढोरांच्या दवाखान्याला कुलूप. मागं क्वार्टर.
डॉक्टर बाहेर आले ते खरकट्या हातानं.
खोक्यात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
"मांजर?"
मग खाली वाकले आणि आवाज बदलला:
"केव्हापासून?"

कागद नव्हता म्हणून मी हातावर लिहिलं होतं.
सात दहा, अठ्ठावन्न.
सात पस्तीस, चौसष्ट.
आठ, तोंड उघडं.
आणि कोपऱ्यात, बोका, चोवीस.

हात पुढं केला.
त्यांनी ओट्यावरचा दिवा लावला,
माझी बोटं धरून तळवा उजेडाकडं वळवला
आणि वाचू लागले.