बसलेल्या माणसाएवढी जागा

हिंगण्याच्या एमआयडीसीत, सातव्या शेडमध्ये
आम्ही ट्रॅक्टर मोडतो.
रीतसर. हप्त्यातून दोनदा.

बाहेर मे महिना, शेचाळीस अंश,
कूलरच्या टाकीतलं पाणीसुद्धा चटका देतं,
आणि आत पाथोडेदादा
पोलादाचे बोटाएवढे तुकडे
वजा तीसवर गारठवून
हातोड्याखाली धरतात.
का, तर तिकडे युरोपात कुठल्याशा उतारावर
जानेवारीतल्या पहाटे
हेच पोलाद काचेसारखं तडकू नये.
"बर्फ पाह्यला का तुमी, दादा?"
"पाह्यला नं. बर्डीवर. गोळ्यातला."

माझं काम कागदाचं.
आरशात मागचं किती दिसावं,
चालकाच्या कानाशी आवाज किती,
पीटीओच्या फिरत्या दांड्यावर झाकण कुठवर,
पायरी अशी हवी की
चिखलाच्या बुटानंही पाय सटकू नये.
(चिखल नियमात आहे. ते वाचून मला
नियम लिहिणाऱ्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं.
कधीतरी घसरला असेल बिचारा.)
सगळं जुळलं की
नखाएवढ्या चौकोनात एक छोटा ई,
मग ट्रॅक्टर जहाजावर चढतो.

पण त्या सगळ्या कागदांच्या मधोमध
तुटक रेषांची एक आकृती आहे :
सीटवर बसलेल्या माणसाची जागा.
माणूस काढलेला नाही. फक्त जागा.
वरच्या चौकटीला धक्का मारा, दाबा, वाकवा,
अख्खा ट्रॅक्टर उलथलाय असं समजा,
काहीही ह्या जागेत शिरता कामा नये.

गेल्या बुधवारी शिरलं.
अकरा मिलिमीटर.

दादांनी वाकून पाह्यलं.
"बोटभर तं आहे बाप्पा.
बोटभरानं कोन मरते?"
आणि ज्या हातानं दाखवलं
त्याला अंगठा धरून तीनच बोटं.
कोंढाळीला, थ्रेशरवर, झाकण नव्हतं तेव्हाची गोष्ट.
हात त्यांचा त्यांनाच दिसला.
खिशात घातला.

मी लिहिलं : नापास.
साहेब दोन दिवस बोलले नाहीत.
गणवीरनं कोपरे जाड केले, वेल्ड घासून पुन्हा मारला,
शनिवारी परत धक्का दिला.
चौकट वाकली, करकरली, आणि थांबली.
लाकडी साच्याच्या अलीकडेच.
दादांनी मधल्या फटीत बोट घालून पाह्यलं.
गेलं. काही बोलले नाहीत.
चहा मात्र त्यांनी सांगितला.

संध्याकाळी लोकमान्यनगरच्या मेट्रोखाली
सिग्नलला एक ट्रॅक्टर येऊन थांबला,
आमच्याच शेडमधला, पण इथल्यासाठीचा.
बॉनेटवर झेंडूचा हार, डोक्यावर चौकट नाही.
एका मडगार्डवर म्हातारा, बंद छत्री धरून,
दुसऱ्यावर बाई, मांडीत लेकरू,
मागे हुकावर पाय देऊन एक पोरगा मोबाईलवर.

मी सवयीनं रेघा ओढायला लागले.
चालकाभोवती. तुटक, तुटक.
मग बाईभोवती, आणि अडले :
तिथे नियमात सीटच नाही.
सीट नाही तर माणूस नाही,
माणूस नाही तर जागा कोणाची मोजू?

हिरवा लागला.
तिनं एका हातानं मडगार्ड धरलं,
दुसऱ्यानं लेकराचं टोपरं,
आणि ही बाई आपल्याकडे
एवढं टक लावून काहून पाहते
हे न कळून
जराशी हसली.